आधी खांदा, मग गळा

पुस्तकवाले आमच्या रानचिमणीला पीतकंठी चिमणी म्हणतात. बाबा म्हणायचे, हे नाव ज्यानं कोणी ठेवलं त्यानं ती नक्की मेलेली पाहिली असणार, हातात उताणी धरून. कारण जितेपणी ती सहजासहजी कुणाला गळा दाखवत नाही. गळ्यावर पिवळा ठिपका असतो हे खरं, पण ठसठशीत असतो तो नराच्याच, आणि तोही त्यानं मान वर केली तर. शेंड्यावर बसलेल्या एवढ्याशा पाखराच्या गळ्यावरचं ते हळदीचं बोट खालून शोधायचं म्हणजे बघणाऱ्याची मान मोडायची. नवे पक्षी पाहणारे नेमके तिथेच फसतात. पिवळा गळा दिसला नाही की साधी चिमणी समजून पुढे चालू लागतात, आणि रानचिमणी त्यांच्या डोक्यावर बसून चिलप-चालप करत राहते. "हळदीच्या नादी लागू नको," बाबा मला बजावायचे. "थे सगळ्यांत शेवटी दिसते, नाई तं दिसतच नाई. आधी खांदा पाह्य."

खांद्यावर तिच्या तांबूस तपकिरी डाग असतो. पुस्तकात त्याला काहीबाही भारदस्त नाव आहे. आमच्या घरात त्याला 'कात' म्हणत. पान खाणाऱ्याच्या बाहीला कात लागतो ना, तसा. त्याच्याखाली पंखावर दोन पांढरे पट्टे. पाठ अगदी कोरी, घरचिमणीच्या पाठीवर असतात तशा काळ्या रेघा नाहीत. चोच बारीक आणि टोकदार, आणि विणीच्या दिवसांत नराची चोच काळी कुळकुळीत होते. उडताना ती झोके घेत जाते. बोलणं घरचिमणीसारखंच, पण गोड. घरचिमणी भांडते आणि ही गुणगुणते, एवढा फरक. हे सगळं मला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं म्हटलं तरी चालेल, कारण बडनेऱ्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या निंबाला एक ढोली होती आणि त्या ढोलीत दर उन्हाळ्यात रानचिमणीचं बिऱ्हाड असायचं. आतल्या खोलीत फोटोच्या मागे घरचिमणी, मागे निंबावर रानचिमणी. आई म्हणायची, माहेरून आलेल्या पाव्हण्याइतकी खातिर या घरात चिमण्यांची होते, माझी कधी झाली नाही.

बाबा मालगाडीचे गार्ड होते. हल्ली त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे. आमच्या वेळी गार्ड म्हणजे गार्ड, पांढऱ्या कपड्यांचा, गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसणारा माणूस. बडनेऱ्याहून गाडी घेऊन कधी अकोल्याकडून भुसावळ, कधी चांदूर-धामणगावावरून वर्धा. घरात घड्याळ होतं, पण आई यार्डातल्या आवाजांवर स्वयंपाक करायची. शंटिंगचा धडधडाट सुरू झाला की कणीक भिजवायची, पॅसेंजरची शिट्टी झाली की तवा ठेवायचा. ड्यूटीचं बोलावणं घेऊन कॉलमन सायकलवरून हाका मारत यायचा, "गार्डसाहेब, कॉल हाये!" आणि बाबांचा डबा भरला जायचा. डब्यात पोळ्या, आलूची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. हा ठेचा इतका जहाल असायचा की आईच्या मते तोच त्यांना गाडीत झोपू देत नसे. बाबांची काळी लोखंडी पेटी असायची. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव, आत लाल-हिरव्या झेंड्या, हातदिवा, शिट्टी, आणि एका कोपऱ्यात जुन्या मफलरात गुंडाळलेली दुर्बीण. रेल्वेच्या सामानात ती कुठे बसत नव्हती, पण ती पेटीत नसली की बाबांना चुकल्यासारखं व्हायचं. ब्रेकव्हॅनसारखी, म्हणजे त्या शेवटच्या डब्यासारखी, पक्षी पाहायला दुसरी जागा नाही, असं त्यांचं ठाम मत. दुसऱ्या गाडीला वाट देत लूप लाइनीत गाडी दोन-दोन तास उभी, आजूबाजूला कुणी नाही, वर तारेवर नीळकंठ. वर पगार देऊन रेल्वे त्यांना पक्षी दाखवत होती, अशी त्यांची समजूत होती.

त्यांचा रेस्ट रविवारी आला की आम्ही पोहऱ्याच्या जंगलात जायचो. बाबा, मी आणि दोघे जण. एक वानखडे काका, धामणगावचे अडते. दाणाबाजारात दिवसभर तुरीच्या आणि गव्हाच्या ढिगात हात घालणारा माणूस, पोट पुढे, आवाज पुढच्या गावच्या आठवडी बाजारापर्यंत ऐकू जाईल असा. दुसरे पाटणकर सर, पुण्याहून अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आलेले. सर फार सज्जन. पण वऱ्हाडात येऊन पाच-सहा वर्षं झाली तरी आमचं बोलणं त्यांना भांडण वाटायचं. मी मुलगी असून "येतो सर" म्हटलं की त्यांना हसू आवरायचं नाही, कारण आमच्याकडे बायाही येतो-जातोच म्हणतात. वानखडे काकांनी एकदा आपल्या दणदणीत आवाजात त्यांना विचारलं, "सर, जेवता का?" तेव्हा सर दचकून म्हणाले, "का हो, काय झालं?" काका तेव्हापासून प्रत्येक वेळी त्यांना तसंच विचारत.

या मंडळींचा एक रिवाज होता. नाव नंतर, खुणा आधी. कुणीही पक्ष्याचं नाव घेतलं की त्यानं त्याच्या निदान तीन खुणा सांगायच्या. पुस्तकातल्या नव्हे, समोर बसलेल्या पाखरावर आत्ता, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या. सांगता आल्या नाहीत, किंवा न पाहिलेली सांगितली, तर परतताना पोहऱ्याच्या टपरीवर सगळ्यांना चहा त्याच्याकडून. रिवाज घातला होता बाबांनी आणि चालवायचे वानखडे काका, कुणाचीही भीड न ठेवता. एकदा सरांनी दूरवरच्या घिरट्या पाहून "गरुड" म्हटलं आणि खुणा विचारल्यावर गडबडले, तेव्हा काकांनी टपरीवाल्याला लांबूनच ओरडून सांगितलं, "चार चहा! अन् सरच्या गरुडालेही एक दे गा!" बाबा म्हणायचे, या रिवाजाशिवाय पक्षी पाहणं म्हणजे नुसत्या गप्पा. जे पाह्यलं नाही ते पाह्यलं म्हनाचं नाई. नाव काय, कोणीही घेईल.

मी मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात असताना बाबांनी माझी परीक्षा घेणं वाढवलं. जंगलात असो की मागच्या अंगणात, पाखरू बसलं की दुर्बीण माझ्या हातात द्यायची आणि विचारायचं, "सांग शालू, खांदा कोनता? चोच कशी? पट्टे हायेत का?" मी सांगायची, आणि मग ते नाव घ्यायचे. मला फार अभिमान वाटायचा. बाप आपल्याला घडवतोय, शिकवतोय, असं मी मैत्रिणींना फुशारकीनं सांगत असे. आईनं एकदा पोळी लाटता लाटता म्हटलंही, "पोरीले काहून इतकं कामाले लावता? तुमचे डोये काय भाड्यानं देल्ले?" बाबा हसले होते. मीही हसले होते. आज मागे वळून पाहताना वाटतं, आईनं तेव्हा नुसता विनोद केला होता की तिला काही दिसलं होतं, कुणास ठाऊक. तिला विचारायचं राहूनच गेलं.

मग तो फाल्गुनातला रविवार आला. जंगलात काटेसावरी फुलल्या होत्या, एक पान नाही आणि अंगभर लाल फुलं. अशा झाडावर त्या दिवसांत पाखरांची जत्रा असते. मैना, बुलबुल, शिंजीर, आणि रानचिमण्या. रानचिमणी फुलात चोच खुपसून रस पिते आणि परागांनी तिचं कपाळ पिवळं होतं. आधीच नावात गळा, त्यात कपाळ पिवळं, म्हणजे नवख्याचा गोंधळ व्हायला आणखी काय पाहिजे? आम्ही एका मोठ्या काटेसावरीखाली उभे होतो. माझ्या चपलेत काटा गेला होता, म्हणून मी जरा मागे खाली बसून तो काढत होते. वरून आवाज आला, चिलप, चालप, चोलप. बाबांनी मान वर केली आणि म्हणाले, "रानचिमनी."

"खुना, गार्डसाहेब," वानखडे काका सवयीनं म्हणाले.

बाबांनी मान जरा तिरकी केली. मग अगदी सावकाश, स्वच्छ सांगू लागले. "खांद्यावर कात. पंखावर दोन पांढरे पट्टे. चोच काई. अन् आज तं गयाही दाखवून राह्यला गडी, पिवया जर्द."

मी काटा काढून वर पाहिलं. समोरच्या फांदीवर, अगदी उघड्यावर, डोक्यावरून फार तर दोन पुरुष उंचीवर बसली होती ती मादी होती. खांद्यावर नुसती फिकट तांबूस झाक, चोच मातकट, गळा साधा, धुवट. हळदीचा मागमूस नाही. कपाळाला मात्र पराग लागून ते पिवळं झालं होतं, आणि ते बाबांनी सांगितलं नव्हतं. ज्याचा आवाज येत होता तो नर वरच्या फुलांच्या झुपक्याआड होता, कुणालाच दिसत नव्हता. बाबांनी कानानं नर ओळखला होता आणि आम्ही सगळे त्यालाच बघतोय असं धरून त्याच्या खुणा म्हणून दाखवल्या होत्या. नाव बरोबर होतं आणि खुणा खोट्या होत्या.

पाटणकर सरांनी तोंड उघडलं. "गार्डसाहेब, पण ही तर..." एवढंच ते बोलले. वानखडे काकांनी त्यांच्या पायावर आपला पाय ठेवला. मी पाहिला तो पाय, धुळीनं भरलेल्या बुटातला. काका दुसरीकडे पाहत म्हणाले, "हाव, हाव. रानचिमनीच हाये. चाला समोर, ऊन चढून राह्यलं." आणि परतताना टपरीवर त्यांनी चहाचं नाव काढलं नाही. स्वतःच पैसे दिले, तेही गुपचूप. ज्या माणसानं कधी कुणाचा एक चहा सोडला नव्हता त्यानं तो सोडला, आणि बाबांना ते कळलं. त्यांनी कप हातात घेतला, दोन घोट घेतले आणि अर्धा तसाच ठेवून दिला. मीही माझा कप खाली ठेवला. बाबांची खूण चुकली म्हणून नव्हे. कुणीच हसलं नाही म्हणून.

घरी आलो तर आईनं गोळाभात केला होता, वरून हिंग-मोहरीची गरम फोडणी. रेस्टच्या दिवशीचं बाबांचं आवडतं जेवण. ते जेवले, पण वाढून घेतलं नाही. मी रात्रभर नुसती कुशी बदलत होते. सगळं एकदम जुळत चाललं होतं. मला दुर्बीण देणं, चोच कशी विचारणं, परवा अंगणात पायरी चुकणं, पेपर माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेणं. मला वाटत होतं बाप शिकवतोय. तो माझ्या डोळ्यांनी बघत होता.

सकाळी ते निंबाखाली खाटेवर चहा पीत बसले होते. नर ढोलीच्या तोंडाशी, पुढ्यात, उघडा बसला होता. सकाळचं ऊन नेमकं त्याच्या खांद्यावर. लहान लेकरानंही ओळखला असता. मी बाबांच्या बाजूला बसले आणि त्यांच्याच शब्दांत विचारलं, "बाबा, खांदा कोनता?"

त्यांनी ढोलीकडे मान वळवली, डोळे बारीक केले. बशीतला चहा गार झाला. मग म्हणाले, "शालू, मले थो खांदा लय दिवसापासून राखाडीच दिसून राह्यला. कधी कधी तं खांदाच दिसत नाई. मधात एक काया डाग येते, त्याच्या आजूबाजूचं तेवढं दिसते." असं म्हणून ते हसले, पण हसू ओठातच राहिलं. "मले भेव वाटून राह्यलं पोरी."

माझ्या बापाच्या तोंडून भेव हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला रडू फुटलं आणि त्या रडण्यातच मी एक उपाय काढला. रेल्वेचं डोळ्यांचं मेडिकल त्याच उन्हाळ्यात होतं, हे मला माहीत होतं. यार्डातले लोक अशा वेळी तक्त्यावरची अक्षरं पाठ करून जातात, हेही आमच्या लाइनीत सगळ्यांनी ऐकलेलं होतं. मी म्हटलं, "बाबा, तो तक्ता कुठून तरी आना. मी तुमाले पाठ करून देतो. वरून खाली, खालून वर, कसाही विचारू द्या. तुमी खुना पाठ करता, अक्षरं काय चीज हाये?"

ते माझ्याकडे बघत राहिले. खरं सांगते, त्यांना मोह झाला. मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला. गार्डाची वर्दी गेली की गाडी गेली, गाडीचा भत्ता गेला, आणि माणूस पार्सल ऑफिसात टेबलामागे बसतो. ज्यानं उभी हयात गाडीच्या शेपटीशी उभं राहून वारा खाल्ला त्याला टेबल म्हणजे पिंजरा. शिवाय माझं अमरावतीचं कॉलेज पुढ्यात होतं. मी बोलत सुटले होते, "कोनाले समजनार हाये बाबा?" तेव्हा त्यांनी हात वर केला.

"कालची चिमनी तुह्या ध्यानात आली ना? मादी होती का थे?"

मी मान हलवली, आणि मग लक्षात आलं की मान हलवलेली त्यांना दिसली नसेल. म्हणून म्हटलं, "हाव. मादी होती."

"वानखड्यानं चहा सोडला तवाच म्या समजलो." मग आवाज खाली आणून, आई आत आहे हे बघून, त्यांनी मला सांगितलं. मागच्या महिन्यात मूर्तिजापूरच्या पुढे एका स्टेशनातून गाडी न थांबता जात होती. स्टेशनवाल्यानं झेंडी दाखवायची आणि गार्डानं ती पाहून आपली झेंडी हलवून उत्तर द्यायचं. गाडीखाली काही लोंबत असेल, चाकातून धूर येत असेल तर स्टेशनवाला लाल दाखवतो. बाबांना फलाटावर माणूस दिसला, हात दिसला, झेंडी दिसली नाही. त्याची शिट्टी ऐकून त्यांनी अंदाजानं हिरवी दाखवली. "हिरवीच होती. नंतर त्यालेच इचारलं म्या, गमतीगमतीत. पन लाल असती तं? म्या पाह्यली नोती शालू. न पाहता सांगतलं. चिमनीच्या बाबतीत चार चहाचा सवाल हाये. थ्या गाडीत समोर इंजनात दोन मानसं होती, मांगून पॅसेंजर येऊन राह्यली होती."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. रिवाज म्याच घातला ना?"

आई दारात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. मला वाटलं ती आता कपाळ बडवून घेईल. ती आली, बाबांच्या हातातली गार चहाची बशी घेतली, आणि म्हणाली, "बरं झालं. थे पांढरे कपडे नीळ घालघालू माह्ये हात गेले. मी काही थे कपडे पाहून तुमच्याशी लगन नाई केलं." आणि आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता, धुतलेलीच भांडी पुन्हा धुतल्याचा. आमच्या घरात आईचं रडणं असंच ऐकू यायचं.

मेडिकलची तारीख यायची वाट बाबांनी पाहिली नाही. आपण होऊन अर्ज केला आणि गाडीवर जायचं त्याच दिवशी थांबवलं. ज्या दिवशी ते भुसावळच्या दवाखान्यात गेले त्या दिवशी आई आणि मी दिवसभर अंबाडी निवडत बसलो. घरात तेवढी अंबाडी कुणी खाणार नव्हतं, पण हात रिकामे ठेवायला जीव घाबरत होता. सांजच्या पॅसेंजरनं ते आले. मागे हमालाच्या डोक्यावर काळी पेटी. ती पेटी घरी आली म्हणजे काय झालं, हे रेल्वेच्या लाइनीत लहान पोरालाही कळतं. शेजारच्या बाया दारात आल्या आणि कुणी काही न विचारता परत गेल्या. डॉक्टरनं सांगितलं होतं, मोतीबिंदू असता तर काढून दिला असता, हे पडद्याचं दुखणं आहे. वाढेल सावकाश, पण थांबणार नाही. "सज्जन मानूस," बाबा पाय धुता धुता म्हणाले. "म्हने, लपवून आनखी एखादं वर्ष निभलं असतं तुमचं. म्या म्हटलं, माह्यं निभलं असतं साहेब, गाडीचं काय?" मग पेटी उघडून त्यांनी दुर्बीण बाहेर काढली आणि मफलरासकट माझ्या हातात दिली. मी घेतली, आणि त्या घेण्यानं मला जेवढं रडवलं तेवढं पेटीनंही रडवलं नव्हतं. पेटीत आईनं त्या वर्षी ज्वारीचे पापड भरले. बाबांचं नाव तिच्यावर तसंच राहिलं.

त्यांना बडनेऱ्याच्याच पार्सल ऑफिसात जागा मिळाली. टेबलामागे ते पिंजऱ्यातल्यासारखे होतील असं मला वाटलं होतं. सुरुवातीचे काही महिने झालेही. मालगाडी सुटताना हातातलं काम टाकून ते दारात येत, शेवटचा डबा जाईपर्यंत उभे राहत. पण माणसाची जात चिवट. हळूहळू ते संत्र्यांच्या करंड्या वासावरून ओळखायला लागले, वरूडची कुठली आणि मोर्शीची कुठली. हमालांना त्याची फार मजा वाटायची.

आता चहाचं सांगते. जंगलात जायला बाबा तयारच होईनात. "कोनत्या तोंडानं जाऊ?" शेवटी पेटी घरी आल्यावर थोड्याच दिवसांनी, चैत्र सरता सरता, वानखडे काका स्वतः घरी आले, दारातूनच ओरडत, "गार्डसाहेब, निघा!" त्यांनी मुद्दाम गार्डसाहेब म्हटलं. पुढेही ते मरेपर्यंत तसंच म्हणत राहिले. आम्ही चौघेही गेलो. पोहऱ्याला उतरल्याबरोबर, एकही पाखरू पाहायच्या आधी, बाबा टपरीपाशी थांबले आणि म्हणाले, "चार चहा. माह्याकून."

"आं? काहून?" काका म्हणाले. "अजून तं चिमनीचं पिल्लू नाई पाह्यलं."

"मांगच्या खेपीचे. म्या खुना खोट्या सांगतल्या होत्या. मादी होती."

पाटणकर सर खाली बघू लागले. काका म्हणाले, "नाव तं बरोबर होतं ना बाप्पा!"

"नाव बरोबर असून काय करता? म्या पाह्यली नोती." आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं, डोळ्यांचं, मेडिकलचं, पेटीचं, सगळं. काका आमचे रांगडे, दाणाबाजारात माणसाला चार शिव्या दिल्याशिवाय भाव न बोलणारे. पण त्यांनी पंच्याचं टोक डोळ्याला लावलं आणि वर धूर फार आहे म्हणून टपरीवाल्यालाच झापलं. मग म्हणाले, "हे पाहा, आजपासून रिवाज बदलला. गार्डसाहेबाच्या खुना कानाच्या. आयकून सांगाचं, आमी पाहून मिलवू. काय सर?" सर म्हणाले, "मंजूर." आणि त्यांच्या पुणेरी तोंडातून पुढे चक्क निघालं, "काहून नाही?" तेव्हा मात्र बाबा हसले. त्या फाल्गुनानंतर पहिल्यांदा, पोटापासून.

यानंतर किती उन्हाळे गेले. मी अमरावतीला शिकले आणि अकोल्याच्या शाळेत शिक्षिका झाले. बाबा रिटायर झाल्यावर त्यांना आणि आईला, दोघांनाही मी अकोल्याला घेऊन आले. तोवर त्यांना उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं. बडनेऱ्याच्या क्वार्टरा पुढे पाडल्या, निंबही गेला. पण अकोल्याच्या आमच्या घरासमोरही एक निंब होता आणि त्याच्या ढोलीत, आई म्हणायची तसं, माहेरचं पाव्हणं आलंच. हल्ली पोरं मोबाइल झाडाकडे धरतात आणि मोबाइल नाव सांगतो. मला त्यांचा राग येत नाही. फक्त मी विचारते, "खुणा?" आणि ती माझ्याकडे, ही बाई काय बोलते, अशा नजरेनं बघतात.

आई-बाबा असतानाची गोष्ट. चैत्रातल्या एका सकाळी, ऊन अजून कोवळं होतं, बाबा व्हरांड्यात खाटेवर बसले होते आणि मी शाळेत जायच्या गडबडीत वेणी घालत होते. निंबावर चिलप-चालप सुरू झालं. बाबांनी कान दिला आणि हात हलवून मला बोलावलं. "नर हाये. दुर्बीन आन."

"शाळेले उशीर होते बाबा."

"होऊ दे. त्यानं मान वर केली. आवाज वर चाल्ला त्याचा, आयकून नाई राह्यली का? पाह्य लवकर, आज हळद दिसते."

मी तशीच, वेणी अर्धी सोडून, दुर्बीण लावली. अगदी शेंड्यावर बसला होता, मान वर, चोच उघडी, आणि गळ्यावर ऊन. लहानपणापासून ज्याच्या नादी लागू नको म्हणून मला बजावलं गेलं होतं ते हळदीचं बोट समोर लख्ख पिवळं दिसत होतं. इतकं स्वच्छ ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. ते मला दाखवलं माझ्या आंधळ्या बापानं.

"दिसली?"

"दिसली बाबा."

"नुसतं दिसली म्हनू नको. खुना सांग."

मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. एक एक करून सांगितल्या. खांद्यावर कात. दोन पांढरे पट्टे. पाठ कोरी. चोच काळी, बारीक. आणि गळ्याला हळद. ते डोळे मिटून ऐकत होते, प्रत्येक खुणेला मान हलवत, आणि शेवटच्या खुणेला थांबले.

"बरोबर," म्हणाले. "तुही पाह्यलेली अन् माही आयकलेली, दोन्ही मियून एक पुरी चिमनी झाली." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी आईला हाक मारली, "अवं, चहा मांड. म्या आज पुन्हा न पाहताच नाव घेतलं. चहा माह्याकून."